आईचा व्हिडिओ गेम

माझी आई व्हिडिओ गेम खेळते असं मी कुठे सांगितलं की लोक आधी हसतात, मग विचारतात, "मोबाइलवर ना? ते गोळ्या फोडायचं?" मोबाइलवर नाही. खुर्ची पुढे ओढून, ताठ बसून, चष्मा नाकावर घट्ट करून ती खेळते, आणि मध्ये कोणी बोललेलं तिला खपत नाही. तिचं नाव लीलावती खानझोडे. वय त्र्याहत्तर. बाबा गेल्यापासून ती भोपाळला, इंद्रपुरीतल्या आमच्या घरात एकटी राहते. मी साकेत नगरला असते, तिथल्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे. माझा मोठा भाऊ उदय बंगळुरूला असतो.

आई मूळची नागपूरची. लग्नाआधी तिने सीताबर्डीच्या एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये मराठी आणि हिंदी टायपिंगच्या परीक्षा दिल्या होत्या. बाबा, म्हणजे नरहर खानझोडे, भोपाळच्या मोठ्या कारखान्यात होते. लग्न होऊन ती भोपाळला आली आणि वर्षभरात तिला शिवाजी नगरजवळच्या एका सरकारी कार्यालयात हिंदी टायपिस्टची नोकरी लागली. काळा धूर सोडत जाणाऱ्या त्या नाकाड टेम्पोंमधून ती रोज जायची. भोपाळात त्यांना भटसुअर म्हणायचे. आई मात्र तो शब्द कधी तोंडातून काढायची नाही, "टेम्पो" म्हणायची. घरात आमची मराठी शुद्ध असली पाहिजे यावर तिचा कटाक्ष असे. बाहेरून "मम्मी, भूख लगी है" असं ओरडत कोणी आलं की ती पुन्हा दाराबाहेर पाठवून मराठीत म्हणायला लावायची.

तेव्हा आम्ही पिपलानीला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहायचो. एका वर्षी बाबांनी बोनस मिळाल्यावर न्यू मार्केटमधून टीव्हीला लावायचा व्हिडिओ गेम आणला. पांढरट राखाडी प्लास्टिकचा डबा, त्याला दोन रिमोट, आणि एक पिवळी कॅसेट. टीव्हीचा चॅनल बारीक फिरवत बसलं की मुंग्यांमधून हळूच चित्र उगवायचं. नाही उगवलं तर कॅसेट काढून तिच्यात फुंकर मारायची. फुंकरीने नेमकं काय व्हायचं ते आजवर मला कोणी सांगितलेलं नाही, पण व्हायचं खरं.

आई वैतागली होती. "डोळे जातील पोरांचे. त्यापेक्षा पंखा आणला असता." उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या खोलीत कॉलनीतली मुलं मावेनाशी झाली. कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास, टीव्हीच्या काचेवर दिसणारी आमची तोंडं, "अब मेरी बारी" म्हणून चाललेली भांडणं. आई संध्याकाळी ऑफिसातून आली की दारातल्या चपलांचा ढीग बघून कपाळाला हात लावायची, आणि मग आत जाऊन सगळ्यांसाठी सरबत करायची.

ती स्वतः खेळायला लागली ती ब्याण्णवच्या डिसेंबरात.

शहरात कर्फ्यू लागला होता. आमच्या भागात तेवढं काही नव्हतं, पण फाटकं बंद होती, दूध येत नव्हतं, आणि बाबांच्या पुढच्या पाळीचे लोक पोचू न शकल्याने ते कारखान्यातच अडकले होते. त्यांचा निरोप कोणीतरी सायकलवरून येऊन सांगून गेलं, मग तेही बंद झालं. जिन्यात बायका उभ्या राहून एकमेकींच्या कानाशी लागून बोलायच्या. आज इकडून येणार आहेत, काल तिकडे असं झालं. मी दहा वर्षांची होते. कोण येणार आहेत ते मला कळत नव्हतं, म्हणून भीती जास्त वाटायची.

आईने दार लावून घेतलं. खिडक्यांचे पडदे ओढले. मग ती टीव्हीसमोर सतरंजीवर येऊन बसली आणि उदयला म्हणाली, "तो दुसरा रिमोट दे. मला शिकव."

उदय चौदा वर्षांचा. त्याने तिला रणगाड्यांचा खेळ लावून दिला. दोघांचे दोन रणगाडे, खाली विटांच्या भिंतीआड आपला छोटा किल्ला, आणि वरून शत्रूचे रणगाडे येत राहतात. किल्ला पडला की खेळ संपला. आईला सुरुवातीला काही जमेना. तिच्या गोळ्या आपल्याच भिंतीला लागायच्या. लांबून कुठूनतरी गलका ऐकू आला तेव्हा तिने हात लांब करून टीव्हीचा आवाज वाढवला.

"आई, पुढे ये ना," उदय म्हणाला.

"तू जा पुढे. मी इथेच थांबते."

ती किल्ला सोडून हललीच नाही. उदय वर जाऊन लढायचा, त्याच्या हातून निसटून जो खाली येईल त्याला ती टिपायची. दिवस उजाडला की खेळ, जेवण झालं की खेळ. मी त्या दोघांच्या मध्ये बसून "आई, उजवीकडे!" असं ओरडायचे. बाबा घरी आले तेव्हा दाढी वाढलेली, डोळे लाल, हातात डबा. त्यांनी दार उघडल्यावर पाहिलं काय, तर त्यांची बायको पदर खोचून सतरंजीवर बसलेली आणि म्हणते आहे, "एक मिनिट, एवढा मारते."

बाबा तिथेच दाराशी खाली बसले आणि हसायला लागले. हसता हसता रडायला लागले. आईने तेव्हा मात्र रिमोट ठेवला.

त्यानंतर तिचं खेळणं सुटलंच नाही. उदय कॉलेजात गेला, मी फिजिओथेरपीला लागले, डबे बिघडले, नवे आणले. ऑफिसातून आल्यावर चहा आणि मग थोडा वेळ रणगाडे, हा तिचा नेम झाला. निवृत्त झाली, इंद्रपुरीच्या घरात आलो, बाबा गेले, तरी नेम टिकला. बाबा गेल्यावर तेराव्या दिवसापर्यंत तिने टीव्हीला हात लावला नव्हता. चौदाव्या दिवशी मी तिच्याकडे गेले तर आतून खेळाचं ते जुनं संगीत ऐकू आलं आणि मला इतकं बरं वाटलं की मी लगेच बेल वाजवली नाही.

मग मागच्या वर्षी जुना टीव्ही गेला. उदयने बंगळुरूहून मोठा पातळ टीव्ही पाठवला, भिंतीवर लावून द्यायला माणसंही पाठवली. चित्र सुरेख होतं. पण मागे पिवळी-पांढरी-लाल पिन घालायला जागाच नव्हती. मी मध्ये लावायचा एक अडॅप्टर आणून लावला. चित्र आलं, पण आईने बटण दाबलं की रणगाडा क्षणभर थांबून मग हलायचा.

"हा टीव्ही माझं ऐकत नाही," आई म्हणाली. तिने डबा गुंडाळून कपाटात ठेवला, आणि दुपारी झोपायला लागली. आई दुपारी कधीच झोपत नसे.

त्या रविवारी व्हिडिओ कॉलवर मी उदयच्या कानावर घातलं. माझी मुलगी अबोली तिथेच होती. ती कॉलेजात आहे आणि या विषयात आमच्या घरात तिचा शब्द शेवटचा असतो, निदान तिला तरी तसं वाटतं.

"आईला नवा कन्सोल घेऊन देऊ," उदय म्हणाला. "टीव्हीला लावला की झालं. रिमोट हातात घ्यायचा, खेळायचं. तिला सवयीचं आहे."

"मामा, प्लीज!" अबोली म्हणाली. "कन्सोलवर दर गेम वेगळा विकत घ्या. आजीला हवेत जुने गेम. गेमिंग कॉम्प्युटर घे, त्यावर जुने-नवे सगळे चालतात. वर ती फोटो बघेल, नाटकं बघेल, तुझ्याशी बोलेल."

"आणि अपडेट आले, काही अडकलं, तर कोण बघणार? आईचं वय काय, कॉम्प्युटर काय!"

मला उदयचं पटत होतं. आई इतका वेळ वाटीत शेंगा सोलत बसली होती. ती म्हणाली, "मला दाखवा तरी दोन्ही. भाजीसुद्धा मी न बघता घेत नाही."

म्हणून आम्ही तिघी एका सकाळी निघालो. आधी मॉलमधल्या दुकानात. तिथे एका मोठ्या पडद्यासमोर कन्सोल मांडून ठेवले होते, कोणीही खेळून बघावं म्हणून. विकणाऱ्या मुलीने आईला मऊ खुर्चीत बसवलं, हातात रिमोट दिला. आईने तो उलटापालटा करून पाहिला. "इतकी बटणं? आणि ह्या दोन दांड्या कसल्या?"

गाड्यांच्या शर्यतीचा खेळ होता. पहिल्याच वळणावर तिची गाडी भिंतीला धडकली आणि हातातला रिमोट थरथरला. आईने दचकून तो मांडीवर टाकला. "अगं, यात करंट येतो!" आसपासचे लोक हसले, तीही हसली. मग तिने पुन्हा उचलला, आणि थोड्या वेळात ती बऱ्यापैकी गाडी चालवायला लागली. अबोली माझ्याकडे बघून मान हलवत होती, की मामा जिंकला.

पण मी आईच्या हाताकडे बघत होते. रिमोट ठेवल्यावर तिने उजवा अंगठा पदराच्या आत नेला आणि डाव्या हाताने दाबून धरला. दिवसभर मी दुसऱ्यांचे हात बघते, मला कळायला हवं होतं. तिच्या अंगठ्याच्या मुळाशी सांधा वर आलेला दिसत होता.

"किती दिवस दुखतंय?"

"दुखत कुठे? जरा ठणकतं. तो टीव्ही ऐकेना म्हणून जास्त जोरात दाबत होते."

"आणि आधी? जुन्या टीव्हीवर?"

तिने अंगठा पदरात आणखी आत नेला, म्हणजे आधीपासून दुखत होतं. कन्सोलचा सगळा भार अंगठ्यांवर. रोज दुपारी हे करायचं तर तिचा अंगठा चपातीच्या कामाचाही राहिला नसता. मी तिला तसं सरळ सांगितलं. मॉलखाली चहा घेतला, तो तिने अर्धाच प्यायला. "जाऊ दे मग," म्हणाली. "झालं की खूप खेळून."

अबोली म्हणाली, "आजी, अजून एक दुकान राहिलंय."

एम. पी. नगरमध्ये कॉम्प्युटरच्या दुकानांची रांग आहे. त्यातलं एक जितेंद्र नावाच्या माणसाचं, अबोलीच्या ओळखीचं. चाळिशीतला, पान खाणारा, बोलका. "आइए अम्माजी, बैठिए. पोते के लिए देख रही हैं?"

"अपने लिए," आई म्हणाली.

त्याने डोळे मोठे केले, पण हसला नाही, हे मला आवडलं. त्याने एक मशीन चालू केलं. आतले पंखे घुमायला लागले, निळे, जांभळे, हिरवे दिवे पळायला लागले.

"ये क्या दिवाली लगा रखी है?"

"अम्माजी, आजकल बिना लाइट का डिब्बा मिलता ही कहाँ है. बंद कर दूँगा." त्याने कीबोर्ड तिच्यापुढे सरकवला. "कुछ लिख के देखिए."

आईने खुर्ची पुढे घेतली. पाठ ताठ झाली. दोन्ही मनगटं जराशी उचलली गेली आणि बोटं मधल्या ओळीवर जाऊन बसली. तिने एकदाच खाली पाहिलं, मग समोर पाहिलं, आणि टाइप केलं. पडद्यावर इंग्रजी अक्षरांची कसलीतरी खिचडी उमटली.

"बिघडलं," मी म्हटलं.

जितेंद्र मात्र वाकून बघत होता. "रुकिए. आप हिंदी टाइपिस्ट थीं क्या?"

"सत्ताईस साल."

त्याने ती खिचडी निवडली, वरच्या यादीतून जुन्या टाइपरायटरच्या कळांनुसार चालणारा एक हिंदी फॉन्ट लावला, आणि सगळी अक्षरं जागच्या जागी पालटली. पडद्यावर स्वच्छ लिहिलं होतं: लीलावती नरहर खानझोडे.

आई बघत राहिली. निवृत्त होऊन तिला बरीच वर्षं झाली होती, आणि तेवढ्या वर्षांत तिने टाइपरायटरला बोट लावलं नव्हतं. तिने अजून एक ओळ मारली. मग आणखी एक. कार्यालयीन पत्राचा मजकूर होता, विषय, संदर्भ, महोदय. तिच्या बोटांना जे पहिलं आठवलं ते हे. "किती हलकं आहे गं मंजू," ती मला म्हणाली. "आमचं मशीन म्हणजे दगड फोडायचं काम. संध्याकाळी भाकरी थापताना मनगट वळायचं नाही. आणि ही बघ, नुसतं टेकवलं तरी उमटतं."

मी तिच्या हातांकडेच बघत होते. चार चार बोटं कामाला लागली होती, अंगठे नुसते खाली टेकून होते.

जितेंद्रने शोधून रणगाड्यांचाच, जवळजवळ तसाच एक खेळ लावून दिला. बाणांच्या चार कळांवर उजवा हात, गोळीला डावा. पहिला रणगाडा उडाल्यावर आईच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी कितीतरी महिन्यांत ऐकला नव्हता. तिने एकच प्रश्न विचारला, "इसपे दो लोग खेल सकते हैं?"

"एक कीबोर्ड पे, एक रिमोट पे. आराम से."

कॉम्प्युटर घेतला. उदयला फोन करून सांगितलं तर तो म्हणाला, "बघा बुवा. बंद पडला की मला सांगू नका." बाबांच्या लिहायच्या टेबलावर तो बसवला. पहिले काही दिवस उदयचं म्हणणं खरं ठरलं. काहीतरी सारखं अडायचं, आई जितेंद्रला फोन करायची, "बेटा, ये फिर से कुछ पूछ रहा है, हाँ बोलूँ कि ना बोलूँ?" तो बिचारा दुकानातून सांगायचा. एकदा तिने सगळे आवाज बंद करून टाकले आणि तीन जणांना कामाला लावलं. पण हळूहळू तिला कळायला लागलं, आणि जितेंद्रला येणारे फोन कमी झाले. तो मला म्हणाला, "अम्माजी नाराज हैं क्या?"

जानेवारीत उदय आला. न कळवता, एकटाच, मोठी बॅग घेऊन. घरून काम करतोय म्हणाला, पण लॅपटॉप बॅगेतून बाहेर निघाला नाही. रविवारी दुपारी मी गेले तेव्हा आई आणि तो कॉम्प्युटरपुढे बसले होते, तिच्यापुढे कीबोर्ड, त्याच्या हातात रिमोट. तो फार वाईट खेळत होता. मी स्वयंपाकघरात भाजी निवडायला घेतली. मध्ये दार नाही, सगळं ऐकू येतं.

बराच वेळ नुसते धडाके. मग उदय म्हणाला, "आई, मला कंपनीतून काढलं."

"कधी?"

"दिवाळीच्या आधी."

"डावीकडे आला बघ एक." धडाका. "स्नेहाला माहीत आहे?"

स्नेहा म्हणजे माझी वहिनी. "नाही," उदय म्हणाला.

"रोज सकाळी डबा घेऊन कुठे जात होतास मग?"

"बागेत. वाचनालयात. कुठेही." पुन्हा एक धडाका. "एवढी वर्षं काढली तिथे, आई. पंधरा मिनिटांची मीटिंग. बस."

मी भाजी तशीच ठेवून उभी राहिले. आत गेले नाही. समोरासमोर बसवून विचारलं असतं तर त्याने हे कधी सांगितलं नसतं, मला किंवा कोणालाही. दोघंही पडद्याकडे बघत होते म्हणून तो बोलू शकत होता. आई त्याच्याकडे वळली नाही. तिने जवळ घेतलं नाही की पाठीवर हात फिरवला नाही. ती खेळत राहिली आणि त्याला बोलू दिलं, तो थांबला तरी वाट पाहिली, पुन्हा बोलू दिलं. फेरी संपल्यावर तिने कळ दाबून खेळ थांबवला.

"आधी स्नेहाला फोन कर. तिला दुसऱ्याकडून कळता कामा नये. गच्चीवर जा, तिथे ऊनही छान आहे."

तो गेला. बराच वेळ वर होता. खाली आला तेव्हा डोळे लाल होते पण चेहरा सैल झाला होता. "तिला संशय होताच," म्हणाला. "म्हणाली, घरी ये, ओरडते, मग बघू."

"बरोबर आहे तिचं," आई म्हणाली. "जेवण झालं की तिकीट काढ."

पण तो लगेच नाही गेला. स्नेहाच भोपाळला आली, दोघं काही दिवस राहिले. इंद्रपुरीच्या घरात इतकी माणसं बऱ्याच वर्षांनी झोपली, गाद्या कमी पडल्या. आता उदय एका छोट्या कंपनीत लागला आहे. संध्याकाळी वेळेवर घरी येतो म्हणे. आणि आईचा कॉम्प्युटर बंद पडला तर स्वतः फोन करून विचारतो, काय झालं, काय दिसतंय पडद्यावर.

हल्ली आई रणगाडे कमी खेळते. अबोलीने तिला ट्रक चालवायचा एक खेळ लावून दिला आहे. माल भरायचा आणि परक्या देशातल्या रस्त्यांवरून लांबच्या गावी नेऊन द्यायचा, एवढाच खेळ. कोणी गोळ्या झाडत नाही. आई सिग्नल पाळते, कोणाला ओव्हरटेक करत नाही, घाटात बर्फ पडायला लागला की वेग कमी करते. जन्मात तिने सायकलसुद्धा चालवली नाही.

परवा संध्याकाळी मी गेले तर दार नुसतं लोटलेलं होतं.

"आलीस? बस हं," आतून तिने सांगितलं. "टोमॅटो आहेत गाडीत. एवढे पोचवते आणि चहा टाकते."

चहा मीच टाकला.